तुम्ही विचारलंत म्हणून : फौजींची मुलं आणि आमची शाळा

शिक्षण परिषदेला गेलं की कुणीतरी नवीन शिक्षक हमखास विचारतात, ‘मॅडम, तुमच्या गावात घरटी फौजी. या मुलांसाठी शाळेत वेगळं काय करता?’ चहा संपेपर्यंत याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडं अपशिंगे गावाच्या नावापुढं ‘मिलिटरी’ लागलंय, पलीकडं कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातली टाकळी ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखली जाते. असं नाव न लागलेली, पण फौजींनी भरलेली गावं या पट्ट्यात बरीच आहेत, आमचं त्यातलंच एक. कुणी मराठा लाइट इन्फंट्रीत, कुणी सिग्नल्समध्ये (लष्कराचं संदेशवहन दल), कुणी बीएसएफ नाहीतर सीआरपीएफला. शेवटची दोन कागदोपत्री लष्करात मोडत नाहीत, पण घरातल्या पोराला त्यानं काय फरक पडतो? पप्पा लांब आहेत, एवढंच त्याला ठाऊक.

माझं उत्तर थोडक्यात असं, की पप्पांची सुट्टी कधी आहे हे शाळेत बाईंना माहीत पाहिजे. बाकीचं त्यातून आपोआप सुचत जातं.

जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा असते, वर काही दिवस किरकोळ रजा. ती एकदम मिळेल असं नाही आणि मुलांच्या सुट्टीत येईल असंही नाही. कुणी सुगीला येतो, कुणी जत्रेला, कुणी बहिणीच्या लग्नाला. नव्या शिक्षकांना वाटतं, पप्पा ड्युटीवर परत गेले की मूल बिघडतं. तसं होतंच. आठवडाभर भांडणं, सकाळी पोटात दुखणं, पाटी-पेन्सिल हरवणं चालतं. पण मला विचाराल तर पप्पा येतात ते दिवस जास्त नाजूक. येणार म्हटल्यावर चार दिवस आधीपासून पोराचं लक्ष रस्त्याकडं. आल्यावर जोतिबाला जायचं, मामाकडं जायचं, हजेरीपटावर गैरहजेरी वाढत जाते. धाकटी मुलं पहिले दोन दिवस आईच्या पदराआडून बघतात. थोरल्यांना पप्पा पाढे म्हणायला बसवतात, आणि वर्षभर आईचं ऐकायची सवय झालेल्या पोराला घरात अचानक दुसरा हुकूम आलेला पचत नाही. हे सगळं त्याच्या वहीत दिसतं. त्या दिवसांत मी गृहपाठावरून बोलत नाही. राहिलेला भाग पप्पा गेल्यावर शेजारी बसवून करून घेते. त्याला तेव्हा कुणाच्या तरी शेजारी बसायची गरजही असते.

तिसरीतल्या एका मुलानं पहिल्या सत्राचं प्रगतीपुस्तक परतच आणलं नाही. बाकीच्यांची आली, याचं नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘बाई, मला सही करू देईना. पप्पा आल्यावरच म्हणतोय.’ पप्पा येणार संक्रांतीनंतर. मुख्याध्यापकांना सांगितलं आणि ठेवू दिलं त्याच्याकडं. जानेवारी सरताना प्रगतीपुस्तक आलं. पालकाच्या सहीच्या चौकटीत बारीक अक्षरात पूर्ण नाव, खाली हुद्दा, खाली तारीख. चौकट अपुरी पडली म्हणून तारीख समासात गेली होती. नियमानं ते आठवड्यात परत यायला हवं होतं. पण माझ्या कपाटात ते असतं तर त्याचं कुणाला काय झालं असतं?

आता बदलीचं. पप्पांना पीस स्टेशन, म्हणजे कुटुंब सोबत नेता येतं असं शांत ठिकाण मिळालं आणि क्वार्टर मिळाली की फॅमिली तिकडं जाते. फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा सीमेकडच्या भागात बदली आली की आई मुलांना घेऊन गावी येते, आणि तेव्हा वर्षाचा मध्य असो की शेवट, मूल शाळेच्या दारात उभं राहतं. अशा वेळी दाखल्यावरून अडवू नका. शिक्षण हक्क कायद्याचं 5 वं कलम स्पष्ट आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही. 4 थ्या कलमानं मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं. कागद मागून येतात.

खरी अडचण वर्गात सुरू होते. जबलपूरहून आलेली एक मुलगी दुसरीत बसली. देवनागरी येत होती, म्हणून वाचन जमेल असं सगळ्यांना वाटलं. पण ‘चमचा’ ती ‘चहा’तल्या च-नं वाचायची, ‘ळ’ आला की थांबायची. तोंडी गणितात तर गप्पच. मी एकोणचाळीस म्हटलं की ती माझ्याकडं बघत राही. पाटीवर 39 लिहिलं की पुढची बेरीज मुलांच्या आधी करून मोकळी. तिला गणित येत होतं, आमची संख्यानावं येत नव्हती. म्हणून परराज्यातून आलेल्या मुलाला पहिला महिना आकडे लिहून द्या, बोलून नको. नाहीतर हुशार मूल ‘कच्चं’ ठरतं आणि तो शिक्का वर्षभर पुसत नाही. 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. त्यामुळं पुण्यात, देवळालीत बदली होऊन आलेल्या पंजाबी, तमिळ घरच्या मुलांच्या शिक्षकांनाही हे उपयोगी पडेल.

एक गोष्ट मी करत नाही आणि करू देत नाही. 26 जानेवारीला या मुलांना पुढं उभं करून ‘माझे पप्पा सीमेवर’ असं भाषण म्हणायला लावणं. टाळ्या मोठ्या पडतात, गावकऱ्यांचे डोळे भरतात, आणि आठ वर्षांच्या पोराला वाटतं, आपण रडलो तर पप्पांची मान खाली जाईल. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी मला या बाबतीत पूर्ण साथ दिली. ते स्वतः झेंड्याला सलामी देतात आणि मुलांना कवायत शिकवतात. मुलांनी कुठलंही भाषण करावं, टिळकांवर करावं, झाडांवर करावं.

पुलवामाचा हल्ला झाला 14 फेब्रुवारी 2019 ला, गुरुवारी. शुक्रवारी शाळा होती. मुलांनी रात्री टीव्ही पाहिलेला, ज्यांचे वडील जम्मूकडं त्यांचे चेहरे बघवत नव्हते. अशा वेळी ‘काही होणार नाही’ असं मी म्हणत नाही. ते माझ्या हातात नाही आणि मुलाला ते कळतं. मी आधी आईला फोन करते आणि मग मुलाला तेवढंच सांगते, ‘रात्री पप्पांचा आईला फोन आलाय.’ फोन आला नसेल तर तेही सांगते, आणि आला की वर्गात येऊन सांगेन, असा शब्द देते. तो मात्र पाळावा लागतो, तास अर्ध्यावर सोडून. 2025 च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, शाळेला उन्हाळी सुट्टी होती. सुट्टीवर आलेल्या जवानांना माघारी बोलावणं आलं आणि मुलं दिवसभर टीव्हीसमोर. तेव्हा आयांना एकच निरोप धाडला होता, टीव्ही बंद ठेवा आणि पोरांना रानात न्या.

याच कारणानं वर्गात ‘पप्पा कुठं आहेत?’ असं विचारू नये. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर युनिटचं, ठिकाणाचं नाव अजिबात येऊ देऊ नये. ‘ड्युटीवर आहेत’ एवढं पुरतं.

आमच्या गावात एक सोय आहे, ती शहरात नाही. इथं शेजारच्या बाकावरच्या पोराचेही पप्पा लांबच असतात. पुण्यातल्या एखाद्या वर्गात असं एकच मूल असेल, तर त्याचं न बोलणं कुणाच्या ध्यानात येणार नाही. तिथं जूनमध्येच आईला गाठून बोलायला हवं. ती एकटी दोन्ही बाजू सांभाळत असते आणि पालकसभेची वेळ तिला विचारून ठरवली तरी तिला मोठा आधार वाटतो.

आणि मूल पीस स्टेशनला निघालं की दाखल्याबरोबर मी पुढच्या बाईंसाठी एक पानभर चिठ्ठी देते. कुठपर्यंत पाढे आलेत, वाचताना कुठं अडतं, कुणाच्या शेजारी बसलं की बोलतं, पप्पांची पुढची सुट्टी साधारण कधी. ती हिंदीत लिहिते, कारण केंद्रीय विद्यालयात नंबर लागेल की आर्मी पब्लिक स्कूलमध्ये, हे निघताना घरच्यांनाही माहीत नसतं.