रिंगवरचा चेंडू

रविवार, रात्री साडेअकरा

आज तो चेंडू मी उडवला. बास्केटबॉल सामन्याचा तिसरा क्वार्टर संपत आला होता. समोरच्या संघाच्या सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा, शॉट रिंगवर आदळून तिथेच घुटमळत होता. मी उडी मारली आणि तो बाहेर फटकावला. शिट्टी वाजली नाही, खेळ चालू राहिला. परत धावताना माझे हात थरथरत होते.

अमेरिकेत, शाळेत आणि नंतर कॉलेजात, हाताला एकच वळण लागलं होतं: रिंगवरच्या चेंडूला शिवायचं नाही. तिथे तो नियमभंग आहे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत शॉट रिंगला लागला की तो चेंडू कुणाचाही. नियम पाठ होता, पण अंगात नव्हता. गेल्या मोसमात, परदेशातल्या पहिल्याच सामन्यात माझा शॉट असाच रिंगवर फिरत होता. समोरच्याने तो उडवला, मी दाद मागायला रेफरीकडे वळलो आणि तोवर त्यांनी पलीकडे बास्केटही केली. कोच काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

कॉलेजात पहिलं वर्ष बेंचवर गेलं, तरी सगळे माझ्यासाठी थांबले. इथे परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, त्यातली एक मी अडवलेली. थांबायला कुणाला वेळ नसतो, आणि ते मला चूक वाटत नाही.

चूक वाटते ती पगार थकवण्याची. गेल्या वर्षी दोन महिन्यांचे पैसे अडकले होते. वाद फिबाच्या लवादाकडे नेता येईल असं कलम एजंटने करारात हट्टाने घातलं होतं. त्याचा हवाला देऊन पत्र गेलं, तेव्हा पैसे सुटले. सही करण्याआधी ते पान मी वाचलंसुद्धा नव्हतं. यंदाचा करार दोनदा वाचला.

घरचे फोनवर एनबीएचं, अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगचं, विचारतात. मला पी. जे. टकर आठवतो. 2006च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, 35वा, पहिल्या मोसमात जेमतेम 17 सामने, मग इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी. 2012मध्ये तो एनबीएत परतला, 2021मध्ये विजेतेपद. सगळे ते परतणं सांगतात. मला मधली वर्षं जाणून घ्यायची आहेत: एखाद्या अनोळखी गावात, सामना हरल्यावर, तो रात्री काय करत असेल?

मी आज पुन्हा पुन्हा तीच क्लिप बघतोय. उडी थोडी उशिराच घेतली होती. उद्या दहाला जिम उघडते. फ्री थ्रो मारायचेत, आज पाचातले दोनच गेले.