ओझं

स्पेनमधल्या ‘कामिनो’ या ख्रिस्ती पदयात्रेचा शेवटचा टप्पा: सारिया ते सान्तियागो, साधारण ११५ किलोमीटर. शेवटचे १०० चालले की प्रमाणपत्र मिळतं, म्हणून गर्दी इथूनच वाढते, आणि त्या गर्दीत मीही. कुठला दिवस कुठला, आता नीट सांगता येत नाही. पोर्तोमारीन लक्षात आहे ते पावसामुळे.

आठवते ती पालास दे रेईच्या अलीकडची दुपार. डाव्या टाचेचा फोड फुटला होता. रोझरीच्या जपमाळेचं तिसरं रहस्य चालू होतं की चौथं, पत्ता नाही. ‘नमो मरिये’पेक्षा ‘आई गं’च जास्त. माझं ओझं हलकं आहे असं प्रभू म्हणतो, त्याने एकदा माझी सॅक उचलून बघावी, असंही मनात येऊन गेलं. कडेच्या दगडी भिंतीवर बसून बूट काढला, तर मोजा जखमेला चिकटलेला.

तेवढ्यात ती म्हातारी आली. पहाटे पाचला अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुर वाजवून सगळ्यांची झोपमोड करणारी. तिला मी मनातल्या मनात जे बोलले होते, ते कन्फेशनला सांगायचीही लाज वाटावी. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. ती खाली बसली (गुडघे तिचेही धड नव्हते), बाटलीतलं पाणी मोज्यावर ओतलं आणि तो भिजेपर्यंत थांबली. ओढला नाही. मग अगदी सावकाश सोडवला, जखम पुसली, पट्टी लावली. त्याच पिशव्यांतली एक उघडली. चुरचुर. आत कोरडे मोजे. मी नको नको म्हणत असताना तिने ते माझ्या पायात घातलेच. मला रडू नाही, रागच आला. सेवा करायला मी कायम पुढे; करून घ्यायची वेळ आली की अंग चोरते.

दुसऱ्या दिवशी, की तिसऱ्या, एकाने सॅकवरचं पावसाचं कव्हर ओढून द्या अशी खूण केली. मी ‘बुएन कामिनो’, म्हणजे ‘यात्रा शुभ होवो’, म्हणून पुढे. मला रात्रीची खाट गाठायची होती. किलोमीटरभर गेल्यावर लक्षात आलं, पायात अजून तिचेच मोजे आहेत. तरी मागे वळले नाही. पाऊस वाढला होता.

आर्सुआ, मोन्ते दो गोसो, कॅथेड्रल. त्या दिवशी बोताफुमेइरो, तिथलं दोरीला टांगलेलं भलंमोठं धूपपात्र, हललं नाही. लोक फोन वर धरून ताटकळले. मी मागच्या बाकाशी सॅक टेकवली आणि मिस्सेतलं प्रवचन सुरू होताच झोपले. गाढ. शांतिचिन्हाच्या वेळी शेजारच्या माणसाने हलवून उठवलं, हात पुढे केला. माझी सॅक कलंडून त्याच्या पावलावर पडली होती. त्याने ती तशीच राहू दिली होती.