नवीन स्पीकर, पुढचा अपडेट: केबल निर्दोष, खोली निर्दोष, ट्वीटर उलटा निघाला

मागच्या अपडेटमध्ये नव्या स्पीकरचा आवाज पोकळ येतो म्हणून खोलीसाठी फोम पॅनल मागवायचं ठरत होतं. ते रद्द. पोकळ आवाजाचं मूळ डाव्या डब्यात, म्हणजे डाव्या स्पीकरमध्येच सापडलं. हा दोष नेहमीच्या चाचण्यांना सहज चकवतो, म्हणून सविस्तर.

लक्षणं तीच: गाणाऱ्याचा आवाज मधोमध बसत नाही, ‘स’ आणि ‘श’ डोक्याभोवती तरंगतात, डग्गा आणि बेस मात्र जागच्या जागी. स्पीकर ६.५ इंची टू-वे (प्रत्येक डब्यात खालच्या सुरांचा वूफर, वरच्या सुरांचा ट्वीटर), ८ ओहम, २.२ किलोहर्ट्झला सेकंड ऑर्डर क्रॉसओव्हर (आवाज त्या दोघांत वाटून देणारं सर्किट).

आधी अदलाबदल, अर्थात अँप बंद करून. अँपच्या मागे डावी-उजवी तार बदलली, तरी पोकळपणा डावीकडेच. म्हणजे अँप आणि डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत संकेत करणारं यंत्र) निर्दोष. तारा पूर्ववत करून डबेच एकमेकांच्या जागी ठेवले. पोकळपणा डब्याबरोबर उजवीकडे गेला. म्हणजे खोली आणि तारा निर्दोष.

मागच्या वेळी केबलवर इतकी चर्चा झाली म्हणून हिशेब: १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची तार, ५ मीटर, जाऊन-येऊन १० मीटर, रोध सुमारे ०.१२ ओहम. मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असली तरी दीडपट, ०.१८. आठ ओहमपुढे दोन्ही किरकोळ. घरच्या वायरिंगची चांगली तांब्याची तार, लाल-काळी पिळून, पुरेशी आहे. ‘५० तास वाजू द्या, मोकळे होतील’ हा विक्रेत्याचा सल्लाही बाजूला ठेवा. असा ब्रेक-इन कमी पडल्याने एकाच डब्याचा आवाज पोकळ होत नाही.

मग पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर जोडलेत का ते. दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला टेकवला, दोन्ही वूफरचे कोन बाहेर आले. इथेच बहुतेक जण थांबतात. पण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो. सेलची चाचणी वूफरपलीकडे काहीच सांगत नाही.

धागा सापडला तो मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही डब्यांत एकच आवाज असताना. पन्नाशीच्या दशकातली मोनो भावगीतं लावली आणि फक्त डाव्या डब्याची लाल-काळी तार उलटी केली. अपेक्षा अशी की सगळंच बिघडेल. बेस गेला, ठीक. पण ‘स’ आणि ‘श’ एकदम मधोमध येऊन बसले! वूफर बरोबर आणि ट्वीटर उलटा असेल तरच असं होतं. ही चाचणी फुकट आहे, मायक्रोफोनही लागत नाही.

खात्री आरईडब्ल्यू या मापनाच्या सॉफ्टवेअरने. डबा खोलीच्या मध्यात, ट्वीटर जमिनीपासून १.४ मीटरवर, यूमिक-१ हा मापनाचा मायक्रोफोन समोर १ मीटरवर, गेट ५ मिलिसेकंद (पडसाद वगळायला फक्त तेवढाच वेळ मोजायचा). त्यामुळे २०० हर्ट्झच्या खालचं वाचायचं नाही. दोन्ही डबे त्याच जागी, त्याच व्हॉल्यूमला. उजवा सपाट, डाव्याला २.२ किलोहर्ट्झवर १९ डीबीचा खड्डा. एक समाधान यातही आहे: ट्वीटर उलटल्यावर इतका खोल खड्डा पडतो, म्हणजे मूळ डिझाइनमध्ये दोन्ही ड्रायव्हरचा (वूफर आणि ट्वीटरचा) फेज, म्हणजे लहरींचा मेळ, क्रॉसओव्हरपाशी चोख जुळवलेला आहे. क्रॉसओव्हर बनवणारे हीच युक्ती मुद्दाम वापरतात.

सावध राहायची जागा इम्पल्सच्या आलेखात (क्षणभराच्या टिचकीला स्पीकर कसा हलतो ते) आहे. तिथे चांगल्या डब्याचं पहिलं टोक खाली जातं आणि बिघडलेल्याचं वर. सेकंड ऑर्डरमध्ये ट्वीटर सहसा मुद्दाम उलटा जोडलेला असतो, म्हणून. बिघडलेल्यात तो सरळ जोडला गेला, म्हणजे डिझाइनच्या उलट. नुसता हा आलेख किंवा फोनवरचं पोलॅरिटीचं अ‍ॅप पाहिलं, तर चांगलाच डबा ‘दुरुस्त’ होईल. इम्पीडन्स (वेगवेगळ्या सुरांना होणारा विद्युत विरोध) मोजूनही उपयोग नाही. ट्वीटरची दिशा त्या वक्रात उमटत नाही.

बेत होता दोन्ही आलेख पाठवून डबा बदलून मागायचा. वॉरंटी जपायची असेल त्यांनी तोच मार्ग धरावा. इथे डब्याला सील नव्हतं आणि काम सोल्डरच्या दोन टाक्यांचं, म्हणून उघडला. वूफरचे सहा स्क्रू ४ एमएमच्या अ‍ॅलन कीने. गॅस्केट चिकटलेलं असतं; खुपसू नका, डबा पालथा करून हाताने झेला. लोहचुंबक पाना ओढतं, म्हणून कोनवर जाड पुठ्ठा. ट्वीटरचे स्पेड (तार अडकवायच्या चपट्या पट्ट्या) दोन रुंदीचे, रुंद म्हणजे प्लस, त्यामुळे तिथे चूक होणं अवघड. ती होती क्रॉसओव्हरच्या बोर्डवर: उजव्या डब्यात लाल तार मायनस पॅडला, डाव्यात प्लसला. रंगावर विसंबू नका, चांगला डबाही उघडून ताडून पाहा.

२५ वॅटची सोल्ड्रॉनची सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० कथील-शिशाच्या सोल्डरने काम झालं. जाड पॅड उष्णता पितो, घाई केली तर टाका थंड बसतो. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आणि हातानेच कसा. ड्रिलने एमडीएफमधले आटे जातात. पॉलीफिल (डब्यातला कापसासारखा भराव) होतं तेवढंच परत, पोर्टचं (डब्याच्या हवेच्या नळीचं) तोंड मोकळं ठेवून.

आता दोन्ही डबे १ डीबीच्या आत जुळतात. मोनो लावलं की आवाज मधल्या बोटभर जागेत.

उरली ४८ हर्ट्झची घुमी, आणि ती मात्र खोलीची. १० बाय १२ फुटांत ३.६६ मीटर लांबीचा मोड (भिंतींमध्ये घुमणारा खोलीचा स्वतःचा सूर) साधारण तिथेच येतो आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. फोम इथे निरुपयोगी, पाव तरंगलांबीच १.८ मीटर. सोफा ९० सेंटिमीटर पुढे घेतला तर हिशेबाने ३ डीबी उतरतात, पण दार अडतं. पोर्टमध्ये मोजे कोंबायचा विचार होता, तोही लिहिता लिहिता बारगळला: त्याने ४८च्या आसपासचं सगळंच झडेल. त्यापेक्षा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कॅमिलाडीएसपी हे आवाज गाळायचं सॉफ्टवेअर: ४८ हर्ट्झ, उणे ६ डीबी, क्यू (फिल्टर किती अरुंद ते) ५ पासून सुरुवात. ५७ हर्ट्झला फिल्टर नको. तिथला रुंदीचा मोड एकट्या डब्याच्या मापात दिसतो, पण दोन्ही एकत्र वाजले आणि मधोमध बसलं की तो आपोआप मिटतो.