सव्वा मीटरवर सोडलेल्या सळ्या

काँक्रीट दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता पडणार होतं. आदल्या संध्याकाळी सळ्या तपासायला मी शटरिंगवर, म्हणजे काँक्रीटच्या साच्यावर, चढले. बीम दिसायला अगदी साधा: ए आणि बी या दोन खांबांमध्ये ६ मीटरचा गाळा आणि बीच्या पुढे २ मीटरचा ओव्हरहँग, म्हणजे आधाराशिवाय बाहेर आलेला भाग. सळ्यांभोवतीच्या रिंगांचं अंतर मोजलं, सळ्या साच्यापासून दूर ठेवणारे कव्हर ब्लॉक पाहिले, सगळं जागच्या जागी होतं. खिशातून पेन काढणार, तेवढ्यात फिटरकाका म्हणाले, "मॅडम, बाहेर वरच्या अंगाला एवढ्या जाड सळ्या घातल्यात, मग आत सव्वा मीटरवरच का सोडल्या?"

वाकून पाहिलं. चारही सळ्यांची कापलेली टोकं एका रेषेत संपलेली. त्यांच्या पुढे ए खांबापर्यंत वर उरल्या होत्या त्या फक्त रिंगा बांधायच्या १२ मिलिमीटरच्या दोन सळ्या.

"ड्रॉइंगमध्ये तसंच आहे," हे उत्तर ओठांवर आलं होतं. पण ते ड्रॉइंग माझंच होतं.

पहिल्या डिझाइनमध्ये बीमवर फक्त मीटरला २० किलोन्यूटनचा सारखा पसरलेला भार होता. त्यात बीवरचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीम वाकवणारा परिणाम, येत होता ४० किलोन्यूटन-मीटर, आणि मोमेंटचं चिन्ह बीपासून आत जेमतेम ६७ सेंटिमीटरवर बदलत होतं, म्हणजे तिथून पुढे ताण वरून खाली जात होता. त्यात बीमची परिणामकारक खोली (ताणातल्या सळ्यांपासून समोरच्या कडेपर्यंतचं अंतर), ५५ सेंटिमीटर, मिळवली की सव्वा मीटर पुरत होतं. नंतर ओव्हरहँगच्या टोकाशी भिंतीचा आडवा बीम आला, ४० किलोन्यूटन घेऊन. मी बीवरचा नवा मोमेंट काढला, सळ्यांची संख्या वाढवली, शीअरसाठी, म्हणजे बीम आडवा कापू पाहणाऱ्या बलासाठी, रिंगाही जवळ घेतल्या. लांबी मात्र जुनीच राहिली.

हाताशी प्लायचा तुकडा होता, त्यावरच पेन्सिलीने मांडलं. एकूण भार १६० आणि ४०, म्हणजे २००. एभोवती मोमेंट घेतले की बीची रिअ‍ॅक्शन, म्हणजे खांबाने उचललेला भार, १६०, म्हणून एची ४०. शीअर एपाशी अधिक ४०, २ मीटरवर शून्य, बीच्या अलीकडे उणे ८०, पलीकडे अधिक ८०, टोकाला ४०. जिथे शीअर शून्य तिथे गाळ्यातला सगळ्यात मोठा मोमेंट: ४०, तिथे ताण खाली. बीवर उणे १२०, तिथे ताण वर. टोकाकडून पडताळलं: ४० गुणिले २ म्हणजे ८०, त्यात ओव्हरहँगवरच्या पसरलेल्या भाराचे ४०. जुळलं.

मग मोमेंट शून्य होण्याची जागा शोधली. एपासून ४ मीटर. म्हणजे बीपासून आत तब्बल २ मीटरपर्यंत बीमचा वरचा भाग ताणात, आणि आमच्या सळ्या सव्वा मीटरवर संपलेल्या.

एवढ्यावर थांबले असते तर अर्धीच चूक सुधारली असती. २० पैकी ८ हा वापराचा भार होता, म्हणजे माणसं आणि सामान. आतली खोली रिकामी असेल आणि बाहेर पूर्ण भार असेल, तर गाळ्यावर मीटरला १२च राहतात. बीवरचा मोमेंट तेव्हाही १२०च, कारण तो ठरतो फक्त ओव्हरहँगवरच्या भाराने. पण एची रिअ‍ॅक्शन १६वर येते आणि शून्याची जागा बीपासून ३.३३ मीटर आत सरकते. गाळा जितका हलका, तितका वरचा ताण आत पसरतो. विद्यार्थी बीवरचा आकडा काढतात आणि आकृती उरकून टाकतात; खरं तर मोमेंटची रेषा शून्याला कुठे छेदते तेच सळई कापणाऱ्याला हवं असतं. आमच्या कापलेल्या टोकांपाशी या परिस्थितीत ५९ किलोन्यूटन-मीटर येत होते, आणि ते पेलायला त्या दोन बारक्या सळ्या. भेग पडली असती ती खोलीच्या आत, फरशीखाली, कुणाला दिसणारही नाही अशा जागी.

काकांना आकृती दाखवली. त्यांनी शून्याच्या खुणेवर बोट ठेवलं. "म्हणजे इथवर न्यायच्या?"

"इथून अजून ५५ सेंटिमीटर पुढे. बीपासून ४ मीटर धरा."

"मग गाळ्यात खालच्या दोन काढू का? तुम्हीच म्हणालात ना, तिथे ४०च आहे."

प्रश्न चोख होता. पण ते ४० सगळीकडे पूर्ण भार असताना. टोकावरची भिंत नंतर बांधायची होती. ती नसताना, ओव्हरहँगवर फक्त मीटरला १२ आणि गाळ्यावर पूर्ण २० धरले, तर बीवर २४च राहतात आणि गाळ्यातला मोमेंट जातो ७८वर. खालच्या एकाही सळईला हात लावायचा नव्हता.

स्लॅबची वरची जाळी बीमच्या दोन्ही बाजूंनी सोडवावी लागली. बाइंडिंग वायरचे तुकडे शटरिंगभर पडले, ते काँक्रीटआधी एकेक वेचले. जुन्या चारही सळ्या काढल्या, नव्या कापून आणल्या, बीच्या खांबाच्या मधोमध टेप धरून आत ४ मीटरवर खडूने खूण केली. शेवटची गाठ पिळली तेव्हा साडेदहा वाजले होते. चेकलिस्टवर सही केली, ऑफिसला फोन लावला आणि अशाच दुसऱ्या बीमचं ड्रॉइंग उघडायला सांगितलं.