केकोवा: पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या

तुर्कस्तानातल्या केकोवा बेटाकाठचं बुडालेलं गाव बघायला जायचं तर कयाकनंच, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या निमुळत्या होडीनंच जावं, असं माझं ठाम मत झालंय. मोठ्या सहलबोटी तिथं दिवसभर फेऱ्या मारतात. डेकवर गाणी दणाणत असतात, कर्ण्यावरून माहिती चालू असते, आणि जे बघायला माणसं एवढ्या लांब येतात ते मिनिटभरात मागे पडतं. मला त्याचा खरंच राग आला.

इस्तंबूल आणि कॅपाडोकिया रीतसर झालं. मग तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं काश, आणि तिथून सकाळी गाडीनं उचाअझचं छोटं बंदर. सोबत आत्या. वय पासष्टच्या पुढे, पोहायला येत नाही. धास्ती मला होती, गाइडला अजिबात नव्हती. त्यानं तिच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, तिला किनाऱ्यावरच कयाकमध्ये बसवलं, पाय नीट टेकवून गुडघे जरा वाकवायला लावले. वल्हं हातांनी ओढायचं नाही, कमरेतून वळायचं, हे त्यानं मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून इतकं छान समजावलं की मला आत्याला वेगळं काही सांगावंच लागलं नाही. दोघांच्या कयाकमध्ये पुढे ती, मागे तो. पुढच्यानं ताल धरायचा, मागच्यानं दिशा सांभाळायची.

नवख्या माणसांना इथं बिनधास्त नेतात, कारण केकोवा बेट किनाऱ्याला समांतर आडवं पसरलंय. खुल्या समुद्राच्या लाटा ते अंगावर घेतं, त्यामुळे मधलं पाणी सकाळी जवळजवळ सपाट असतं. दुपारी वारा उठतो, म्हणून लवकर निघायचं.

बेटाच्या उत्तर काठाला दोलिखिस्ते हे जुनं लिशियन गाव होतं, म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशिया प्रदेशातलं. दुसऱ्या शतकातल्या भूकंपांनी जमीन खचली आणि गावाचा खालचा भाग समुद्रात गेला. हे मी वाचून गेले होते. पण खडकात कोरलेल्या पायऱ्या डोळ्यांसमोर एकेक करत पाण्यात उतरतात आणि पाण्याखालीही उतरतच राहतात, हे बघताना माझं वल्हं थांबलं. वर अर्धी भिंत, दाराची चौकट, खडकात तुळया रोवण्यासाठी खणलेली भोकं. खाली हिरव्या पाण्यात तीच भिंत पुढे चाललेली. कोणीतरी या पायऱ्यांवरून रोज पाणी आणलं असेल, पोरांना हाका मारल्या असतील. कयाकला इंजिन नाही, त्यामुळे काठाला पाणी आपटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. १९९० पासून हा परिसर संरक्षित आहे आणि या अवशेषांपाशी पोहायला मनाई आहे. ती योग्यच आहे. आम्ही कशालाही हात न लावता हळूहळू पुढे सरकत राहिलो. आत्या एकदाच बोलली, "अगं, घरं आहेत ही."

तेवढ्यात एक मोठी बोट आली. तिच्या लाटेनं आम्ही हेलकावलो, तळ गढूळ झाला, आणि गाइडनं सगळ्यांना हातानंच थांबायची खूण केली. बोट गेली. पाणी निवळायला बराच वेळ लागला. तो आम्ही दिला.

नंतर समोरच्या किनाऱ्यावरचं कालेकोय, म्हणजे प्राचीन सिमेना. इथं गाडीरस्ता नाही. बोटीनं या नाहीतर चालत. उथळ पाण्यात एक लिशियन दगडी शवपेटी उभी आहे, उलट्या होडीसारख्या झाकणाची. तिच्याभोवती कयाकनं फेरी मारता येते. वर किल्ला, त्यात खडकात कोरलेलं इवलंसं नाट्यगृह. आत्या तिथंही चढली. उतरल्यावर एका घराच्या अंगणात आम्हाला आग्रहानं बसवून आइस्क्रीम दिलं, आणि दमलेल्या आत्यासाठी न मागता पाठीला उशी आणली.

परतताना वारा समोरून होता. माझे खांदे भरून आले. आत्याचा ताल मात्र सुटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला काशहून निघायचं होतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "बस दुपारची घे. सकाळी पुन्हा जाऊन येऊ." गाइडला फोन केला, आणि गेलो.