नीट चालणारी गाडी उघडता कशाला?

माझ्याकडे बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली एम३ आहे, दोन दारांची कूपे. हे मॉडेल २००० ते २००६ या काळात तयार झाले, त्यामुळे त्यातली सर्वांत उशिरा बनलेली गाडीही आता जुनीच म्हणावी लागते. ती स्टँडवर चढवलेली दिसली की पाहणारे आधी "काय बिघडले?" असे विचारतात, आणि काहीच बिघडलेले नाही हे कळल्यावर मला वारंवार ऐकावा लागणारा प्रश्न येतो: "मग नीट चालणारी गाडी सारखी उघडता कशाला?" तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

या गाडीतले जे बिघाड खरोखर महागात पडतात, ते आधी वर्दी देत नाहीत. साध्या गाडीत आवाज येऊ लागतो, ओढ कमी होते किंवा एखादा दिवा लागतो, मग आपण गॅरेज गाठतो, आणि एवढ्या शिस्तीवर ती वर्षानुवर्षे चालते. या गाडीत मात्र लक्षण कळेपर्यंत बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेले असते.

इंजिनापासूनच सुरुवात करतो. एस५४ या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन सहा सिलिंडरचे आणि ३,२४६ सीसीचे आहे. टर्बोच्या मदतीशिवाय ते ३४३ अश्वशक्ती देते, पण ती पूर्ण शक्ती मिनिटाला ७,९०० फेऱ्या झाल्यावर मिळते आणि लाल रेषा, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ८,००० वर आहे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९१ मिलिमीटरचा असल्यामुळे त्या गतीला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर जातो. प्रत्येक पिस्टन सेकंदाला सुमारे १३३ वेळा वर जाऊन खाली येतो, आणि दर खेपेला त्याला थांबवून उलट दिशेला वळवण्याचा भार कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला बसवलेल्या दोन पातळ, अर्धवर्तुळाकार बेअरिंग शेलवर येतो. शेल आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी फट असते, आणि त्या फटीतले तेल एवढाच काय तो आधार. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांचे हे बेअरिंग कंपनीने स्वतः मोहीम काढून बदलून दिले होते. तरीही पुढच्या काळातल्या गाड्यांतही ते झिजणारा भाग म्हणूनच धरावे, असे माझे मत आहे.

बेअरिंग झिजत असताना गाडी उत्तम चालते, किंबहुना तिच्या चालण्यात काहीही फरक पडत नाही. खालून ठोके ऐकू येऊ लागतात तेव्हा क्रँकशाफ्टवर ओरखडे पडलेले असतात, आणि पुढचा प्रसंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येण्याचा असतो. म्हणून मी १०डब्ल्यू-६० दर्जाचे तेल पुस्तकातल्या मुदतीची वाट न पाहता लवकर बदलतो, काढलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो आणि जुने फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात पाहतो. अहवालातल्या एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. शिसे आणि तांबे यांचे प्रमाण एका अहवालापासून पुढच्या अहवालापर्यंत चढत गेले, तर मात्र ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, खाली उतरवण्याची वेळ आली असे समजावे. त्यासाठी इंजिन वरून टांगून धरून पुढचा सबफ्रेम, म्हणजे गाडीच्या खाली बोल्टने जोडलेली आधाराची चौकट, सोडावा लागतो. बाहेर आलेल्या शेलवरचा राखाडी थर कोठे घासला आहे आणि खालचा तांबूस धातू कोठे उघडा पडला आहे, हे पाहिले की इंजिनाच्या गेल्या काही वर्षांचा हिशेब कळतो. नवे शेल बसवताना रॉडचे बोल्टही नवेच घ्यावेत. ते आधी ठरलेल्या टॉर्कने आणि नंतर ठरलेल्या कोनात आवळायचे असतात, त्यामुळे येथे हाताच्या अंदाजाला जागा नाही.

याच इंजिनाच्या टॅकोमीटरवर, म्हणजे फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर, पिवळ्या दिव्यांची एक ओळ आहे. तेल थंड असताना ती कोठपर्यंत फेऱ्या न्याव्यात हे दाखवते, आणि तेल तापत जाईल तसतसा एकेक दिवा विझतो. या दिव्यांकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाची गाडी मी कितीही चकचकीत असली तरी घेणार नाही.

व्हॉल्व्हची गोष्ट याहून फसवी आहे. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारी यंत्रणा यांच्यात थोडी फट लागते, आणि या इंजिनात ती आपोआप राखणारी हायड्रॉलिक यंत्रणा नाही. २४ व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजावी लागते, इनटेकला ०.१८ ते ०.२३ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३३, आणि फरक असेल तेथे वेगळ्या जाडीची शिम, म्हणजे छोटी चकती, घालावी लागते. फट जास्त झालेला व्हॉल्व्ह टकटक वाजतो, म्हणून लोक त्याला घाबरतात. फट कमी झालेला व्हॉल्व्ह मात्र गप्प असतो. फट संपली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि तो कडेने जळू लागतो. इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाटते म्हणून समाधानी असलेले मालक मला म्हणूनच काळजीत टाकतात.

व्हॉल्व्ह कव्हर निघालेलेच असते, तेव्हा त्याच खेपेला व्हॅनोसही काढून पाहतो. कॅमशाफ्टचे टायमिंग बदलणारी ही यंत्रणा शंभराहून अधिक बार दाबाच्या तेलावर चालते, आणि तिच्या पंपाची चकती एक्झॉस्ट कॅमशाफ्टच्या हबवरच्या दोन टॅबांनी फिरते. टॅब आणि चकतीची भोके यांत थोडा सैलपणा असतो, ते एकमेकांवर आपटत राहतात, आणि एखाद्या दिवशी टॅब तुटून त्याचा तुकडा टायमिंग चेनच्या कप्प्यात पडतो. शेजारचे बोल्टही ढिले होतात किंवा तुटतात. सगळी चेन, गिअर आणि व्हॉल्व्ह एका लोखंडी तुकड्याच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा अर्धा दिवस घालवलेला मला परवडतो.

इंजिनाइतकाच वेळ मी मागच्या पत्र्याला देतो, आणि हे ऐकून लोक चकित होतात. मागचा सबफ्रेम तळाच्या पत्र्याला चार ठिकाणी बोल्टने धरलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरचा डबा, त्याला एका दिशेने पिळते, सोडला की उलट; अशा असंख्य झटक्यांनंतर स्पॉट वेल्ड सुटतात आणि बोल्टांच्या भोवतीचा पत्रा तडकतो. तडा सीलंटच्या आणि तळाच्या संरक्षक लेपाच्या आड लपतो, म्हणून बॅटरीच्या उजेडात लेप खरवडून पाहावे लागते, आणि खात्री हवी असेल तर सबफ्रेमच खाली उतरवावा लागतो. तडा सापडल्यास त्याच्या टोकाला भोक पाडून त्याचे पुढे सरकणे थांबवायचे, वेल्ड करायचे आणि वरून पोलादी मजबुतीच्या पट्ट्या बसवायच्या. इंधनाच्या नळ्या जवळच असतात, तेव्हा हे काम ज्याला त्याला देऊ नये. तडा नसला तरी पट्ट्या बसवून घ्याव्यात, असे मी सांगेन.

कूलंटची प्लॅस्टिकची टाकी, रबरी होज, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप यांच्याबाबत मी किलोमीटर पाहत नाही, वर्षे पाहतो. ॲल्युमिनियमचे हेड एकदा तापून वाकले की त्या टाकीची किंमत हास्यास्पद वाटते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचे. टायरची नक्षी कितीही खोल असली तरी कडेवरचे टायर बनल्याचे चार आकडी आठवडा-वर्ष वाचायचे.

मात्र उघडण्यालाही मर्यादा आहे. प्रत्येक वेळी काढलेला बोल्ट आटे थोडे झिजवतो, उघड्या भागात धूळ शिरते, आणि नवे गॅस्केट जुन्यापेक्षा चांगले बसेलच असे नाही. म्हणून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना मी तेल बदलण्यापलीकडे हात लावत नाही; ते बिघडण्यापूर्वी आवाज करतात, आणि जो भाग आधी सांगतो त्याला बोलू द्यावे.

तुमच्या प्रश्नामागे अशी गाडी घेण्याचा विचार असेल, तर पाहायला जाताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गाडी उचलून मागचा पत्रा पाहा आणि कामांची नोंदवही मागा. वही नसेल, तर बेअरिंग, व्हॅनोस आणि पत्रा ही तिन्ही कामे अजून व्हायची आहेत असे धरूनच भाव ठरवा.