तुम्ही विचारलंत म्हणून: गुलामांची जोड

"मावशी, पोकरमध्ये गुलामांची जोड आली की तुम्ही सुरुवातीलाच एवढं वाढवता आणि मग तीच जोड मध्येच टाकूनही देता. एवढा भरवसा होता तर सोडलीत का? आणि सोडायचीच होती तर वाढवलंत कशाला?"

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा हे मला दर दोन-तीन शनिवारांनी विचारतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे. समोरच्या वहिनींनीही विचारलंय, आणि पत्त्यांचा विषय निघाला की इतरही हेच विचारतात. प्रत्येक वेळी पानं वाटायची घाई असते, म्हणून उत्तर अर्धवट राहतं. आज सविस्तर सांगते.

आधी एक सांगून टाकते, कारण ते पहिल्यांदा विचारलं जातं: आम्ही पैसे लावत नाही. नेरूळच्या आमच्या घरात शनिवारी संध्याकाळी सहा जण बसतात. सुरुवात चिंचोक्यांवर झाली होती, आता प्लॅस्टिकच्या चिप्स आहेत आणि प्रत्येकाला दोन हजारांच्या सारख्या वाटून मिळतात. पहिल्यांदा संपतील त्यानं पुढच्या शनिवारी वडे आणायचे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला, तेव्हा आमच्या डावात काहीच बदललं नाही.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. फ्लॉप, टर्न, रिव्हर. दर टप्प्याला चिप्स लावायच्या, वाढवायच्या किंवा पानं टाकायची. या सात पानांतल्या सर्वांत चांगल्या पाचांवर निकाल.

हातात जोड येणं तसं दुर्मीळ. साधारण सतरा डावांत एकदा येते, आणि एक्क्यांचीच जोड म्हणाल तर २२१ डावांत एकदा. त्यामुळे ती आली की माणसाला वाटतं, आपण जिंकलोच. खरं असं की जोड त्या क्षणी पुढे असते, एवढंच. टेबलावर अजून पाच पानं यायची असतात आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक पान दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं असतं. तुमची जोड मात्र बहुतेक वेळा जशीच्या तशी राहते. फ्लॉपवर तिसरा गुलाम येऊन हात पक्का होण्याची शक्यता जेमतेम बारा टक्के. उलट राणी, राजा किंवा एक्का यांपैकी काहीतरी फ्लॉपवर उतरण्याची शक्यता ५७ टक्के. राण्यांची जोड असेल तर तिच्यावरचं पान येण्याची शक्यता ४१ टक्के, राजांची असेल तर २३.

मला हे आकड्यांतून नाही कळलं. मी बावीस वर्षं वाशीच्या एपीएमसीत फळबाजारातल्या एका गाळ्यावर हिशोब सांभाळला. एप्रिल-मे म्हणजे हापूसचे दिवस. पहाटे पेट्या उतरायच्या, आमचे शेठ पेटीतला एक आंबा उचलायचे, देठाजवळ अंगठा हलकेच टेकवायचे, नाकाशी धरायचे आणि सांगायचे, "हा आजचा." हा आजचा, म्हणजे हा आजच गेला पाहिजे. कच्च्या मालाला अढीत चार दिवस मिळतात, पिकलेल्याला नाही. सकाळी आठला त्याला जो भाव मिळतो तो दुपारी तीनला मिळत नाही, उद्या तर नाहीच. आणि पिकलेला माल कच्च्यापेक्षा कमी प्रतीचा असतो असं कुणी म्हणेल का? तोच सर्वांत चांगला असतो. फक्त त्याची वेळ आत्ता असते.

गुलामांची जोड म्हणजे 'हा आजचा'. एवढं मला त्या बाजारानं शिकवलं, पण पत्त्यांच्या टेबलावर ते लागू करायला वर्ष गेलं.

त्या वर्षातला एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. मला एक्क्यांची जोड आली. मी मनात म्हटलं, कुणाला घाबरवायचं नाही, सगळ्यांना आत येऊ द्यायचं, मग गाठायचं. म्हणून वाढवलं नाही, नुसते वीस लावले. पाचही जण आले. समोरच्या वहिनी बिग ब्लाइंडवर होत्या, म्हणजे पानं बघण्याआधीच सक्तीनं लावायचे वीस त्यांचे पडलेले. हातात सत्ती-छक्की. मी वाढवलं असतं तर त्यांनी ती पानं तेव्हाच टाकली असती, हे त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांना फ्लॉप फुकट दाखवला मी. राजा, सत्ती, छक्की. त्यांच्या दोन जोड्या झाल्या, माझी एकच राहिली, आणि हातात एक्के आहेत या एका गोष्टीपायी माझ्या सगळ्या चिप्स त्यांच्याकडे गेल्या. कितीतरी महिने मी याला नशीब म्हणत होते. नशीब नव्हतं. एकासमोर एक्क्यांची जोड ८५ टक्के वेळा जिंकते. पाच जण शेवटपर्यंत समोर बसले तर ४९ टक्के. बोलावणं मीच पाठवलं होतं. बरं, एवढ्या गर्दीतही निम्म्या वेळा जिंकणं वाईट नाही, पण निम्म्या वेळा कशाचं? एकशे वीस चिप्सच्या पॉटचं, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगाचं. आणि कोणाकडे काय असेल याचा काही म्हणता काही अंदाज नाही.

याच्या उलट चूक तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा करायचा. गुलाम आले की त्याला धडकी भरायची आणि वीसच्या जागी तो एकदम आठशे लावायचा. "पुढची पानं बघायचीच नाहीत मावशी, इथेच संपवू." पण आठशेला कोण थांबतं? दश्शींची जोड, नव्वींची जोड, एक्का-दश्शी, ज्यांच्यापुढे तो होता ते सगळे उठतात. बसून राहतात राण्या, राजे आणि एक्के, आणि मोठ्या जोडीसमोर गुलाम पाचात एकदाही जेमतेम जिंकतात. म्हणजे शेठनी पिकल्या पेटीचा भाव असा सांगायचा की खरं गिऱ्हाईक निघून जाईल आणि उरेल तो फक्त भांडायला आलेला. मला कमी प्रतीच्या पानांनी माझ्याबरोबर थांबायला हवं असतं, पण फुकट नाही. एक-दोघांनीच थांबावं आणि किंमत मोजून थांबावं. म्हणून मी ऐंशी लावते. भीतीनं नाही आणि दाखवायलाही नाही.

आता तो डाव, ज्यावरून परवा पुन्हा प्रश्न आला. बाहेर धो धो पाऊस, खिडकीखाली सहा ओल्या छत्र्या, आणि माझ्याकडे इस्पिकचा आणि चौकटचा गुलाम. मी ऐंशी केले. शेवटी बोलणाऱ्या वहिनी आल्या, बिग ब्लाइंडवरचा मुलगा आला. स्मॉल ब्लाइंडचे सक्तीचे दहा धरून पॉट झाला २५०. फ्लॉप: बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी, किलवरची तिर्री. माझ्या गुलामांच्या वर टेबलावर एकही पान नाही. मुलानं चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली.

नेमकं इथेच बरेच जण म्हणतात, आता तर आपण पुढेच आहोत, कशाला पळवून लावायचं? पण ते फ्लॉप नीट बघा. ज्याच्या हातात दोन बदाम, त्याला फ्लशसाठी, म्हणजे एकाच जातीच्या पाच पानांसाठी, आणखी एका बदामाची वाट. ज्याच्याकडे दश्शी-सत्ती, त्याला दोन्ही बाजूंनी सिक्वेन्सची वाट. असे हात मागे असतात, पण मेलेले नसतात. दोन बदाम हातात असणाऱ्याला न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरतात, म्हणजे पुढच्या एका पानावर १९ टक्के, दोन्ही पानं मिळून ३५. मी चेक केलं तर पुढचं पान त्याला फुकट. मी पन्नास लावले तरी त्याला परवडतं, कारण पन्नास देऊन तीनशे मिळायची आशा असते आणि त्याला सातात एकदा जिंकलं तरी पुरतं. म्हणून मी १७० लावले. वहिनींनी पानं टाकली. मुलानं थोडा विचार करून १७० दिले.

आता हिशोब बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर या हिशोबात आहे. त्याच्याकडे दोन बदाम आहेत असं धरू. बदाम साधारण पाचात एकदा येतो. चार वेळा त्याचे १७० बुडतात, म्हणजे ६८०. एकदा येतो तेव्हा पॉटमधले ४२० मिळतात. त्याला २६० ची तूट आहे. मग त्याचं येणं चूकच होतं ना? थांबा. बदाम आल्यावर मी जर "माझे गुलाम, माझे गुलाम" करत आणखी २६० त्याच्या हातात घातले, तर तूट भरून निघाली. त्याहून जास्त घातले तर त्याला नफा. म्हणजे फ्लॉपवर मी त्याच्याकडून जी किंमत घेतली ती खरी किंमत होती की नुसता देखावा, हे टर्नवर मी काय करते त्यावर ठरतं.

टर्नला बदामाची सत्ती आली.

मुलानं चिप्सचे दोन ढीग पुढे सरकवले. चारशे. पॉटमध्ये ५९० होते. माझ्या दोन्ही गुलामांत बदाम नाही, म्हणजे फ्लश झाला असेल तर मला वाचवणारं एकही पान गड्डीत नाही. आणि नुसता बदामच नाही, त्या सत्तीनं नव्वी-अठ्ठीला जोडून सिक्वेन्सची वाटही मोकळी केली होती. मी दोन्ही पानं पालथी करून मध्ये सरकवली. त्यानं आपली दाखवली नाहीत, मी मागितलीही नाहीत.

"पण मावशी, मी थाप मारत असतो तर?" हा त्याचा पुढचा प्रश्न. असू शकतं. कधीतरी मी पुढे असूनही पानं टाकली असतील, आणि ते मला कधीच कळणार नाही. त्याचं वाईट वाटतं, नाही कसं म्हणू? पण हा मुलगा एवढी मोठी थाप मारत नाही. दोन वर्षांत त्यानं भरल्या टेबलावर काहीच नसताना चारशे लावलेले मी पाहिलेले नाहीत. थाप मारताना तो कमी लावतो आणि लगेच पाण्याच्या ग्लासाकडे हात नेतो. त्या दिवशी ग्लास तसाच होता.

पॉटमध्ये माझे २५० गेले होते, हे खरं. ते सोडवत नाहीत म्हणून माणूस आणखी चारशे घालतो. गाळ्यावर पेटीत देठाकडून काळा पडलेला आंबा दिसला की शेठ तो तिथल्या तिथे बाजूला काढायचे. तो आंबा कितीला पडला हे त्या वेळी कुणी वहीत बघत नसे. राहू दिला तर शेजारचे दोन जायचे.

म्हणून वाढवणं आणि सोडणं हे तुम्हाला दोन स्वभाव वाटतात, मला ते एकाच हिशोबाचे जमा आणि खर्च वाटतात. जोड पुढे आहे तोवर वाट बघणाऱ्याकडून किंमत घ्यायची, आणि त्याला हवं ते पान आलं की आपण ती परत करायची नाही. सोडता येत नसेल त्यानं १७० लावून काय मिळवलं? आणि जो आधी लावतच नाही, त्याला कोण कशाची वाट बघतंय हे तरी कसं कळणार? त्या मुलानं मोजलेल्या १७० नीच मला सांगितलं की त्याच्याकडे काहीतरी आहे.

वहिनींचं मात्र वेगळं आहे. त्या एक्का दिसला की लावतातच, हातात एक्का असो वा नसो. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे.

मागच्या शनिवारी मुलाला राण्यांची जोड आली. त्यानं आठशे नाही लावले, ऐंशी लावले. फक्त वहिनी आल्या. फ्लॉप साधा, दुर्री-छक्की-दश्शी, तीन वेगळ्या जातींची. त्यानं शंभर लावले, वहिनींनी दिले. टर्नला इस्पिकचा एक्का. त्यानं चेक केलं आणि वहिनींनी तीनशे पुढे केले. तो बराच वेळ गप्प होता. पानं पालथी, त्यांवर बोटं, ओठ हिशोब करताना हलतात तसे हलत होते. मग त्यानं एक्क्याकडे बघायचं सोडून वहिनींकडे बघितलं आणि तीनशे मोजून दिले. रिव्हरला तिर्री. दोघांनी चेक केलं. वहिनींनी दश्शी-नव्वी उघडली, त्यानं राण्या. चिप्स ओढून घेताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, लगेच पानं गोळा करून पिसायला लागला.